दोहा जाताना लांब, येताना जवळ?

"काहून रे, अंतर तर तेवढंच. मग जाताना चार तास अन् येताना सव्वातीन?" हिवाळ्यात नागपूरहून लेकाकडे कतारमधल्या दोह्याला विमानानं जाऊन आलेल्या आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न. त्यांच्या भाच्यानं उत्तर देऊनही टाकलं होतं: पृथ्वी फिरते ना, म्हणून!

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान नुसतं तरंगत राहिलं आणि खालून जमीन सरकली, तर पश्चिमेचं दोहा आपणहून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडे येईल, म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा. घडतं उलटंच. मुळात आपल्या नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५५० किलोमीटर वेगानं पूर्वेला धावते आणि हवाही तिच्यासोबत धावते. तसं नसतं तर इथल्या सीताबर्डीच्या बाजारात एक पत्रा जागेवर राहिला नसता.

खरी गंमत १०-१२ किलोमीटर उंचीवर आहे. विषुववृत्तावर जमिनीचा आणि हवेचा वेग ताशी १६७०. तिथली हवा तापून वर चढते आणि उत्तरेकडे निघते. उत्तरेला सरकताना ती पृथ्वीच्या आसाच्या जवळ येत जाते. फिरत्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरा, गिरकी घ्या आणि हात छातीशी आणा. गिरकी वाढते. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यातला जोर, टिकून राहतो तो असा. हवेचंही तेच होतं. ३० अंश उत्तरेला पोचेपर्यंत तिचा वेग हिशेबानं १९३० व्हायला हवा. तिथली जमीन चालते जेमतेम १४५० नं. उरलेले ४८० म्हणजे पूर्वेकडे वाहणारा वारा! (पुस्तकातलं कोरिऑलिस बल ते हेच, दुसऱ्या तोंडानं सांगितलेलं.) प्रत्यक्षात घर्षण आणि मोठमोठे भोवरे यातला बराच वेग खाऊन टाकतात. तरीही हिवाळ्यात उत्तर भारतावरून ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा झोत वाहत असतो. हीच जेट स्ट्रीम. उन्हाळ्यात ती हिमालयापलीकडे सरकते.

नागपूर-दोहा सरळ अंतर सुमारे २८०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ८५० धरा आणि झोताच्या कडेचा वारा १०० धरा. जाताना हाती उरतात ७५०, म्हणजे पावणेचार तास. येताना ९५०, म्हणजे तीन तासांना थोडे कमी. चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा. जाण्यायेण्याचं मिळून फिट्टंफाट होत असेल असं वाटतं, पण होत नाही. वारा नसता तर एकूण ६ तास ३५ मिनिटं लागली असती, आता ६ तास ४१ लागतात. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून पडतो ना!

काकूंनी शुक्रवारचं स्वस्त तिकीट सोडलं होतं, कारण त्या दिवशी पश्चिमेला दिशाशूल. पैसे वरून मोजले. वारा मात्र वार बघत नाही.

वैमानिक आणि मार्ग आखणारे त्याच्याशी भांडत बसत नाहीत. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे नेलं. वाट जवळजवळ १४०० किलोमीटरनं लांबली, एकूण सुमारे १५,३०० झाली. पाठीवर वारा घेऊन विमान साडेचौदा तासांत उतरलं, जुन्या जवळच्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी.