जुनी दंतकथा, नवा खून : यातलं खरं किती?

आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी

‘दंतकथा-रहस्य’ या कप्प्यातल्या कादंबऱ्यांना सध्या मोठी मागणी आहे. आज कुठेतरी खून पडतो आणि तपासाचा धागा कित्येक शतकांपूर्वीच्या एखाद्या कवीच्या मृत्यूपाशी किंवा हरवलेल्या हस्तलिखितापाशी जाऊन पोहोचतो. पुस्तक परत करताना सभासद हमखास विचारतात, “यातलं खरं किती?” म्हणून हे पत्रक.

या कप्प्यात सर्वांत जास्त भेटतो तो नाटककार क्रिस्टोफर मार्लो. ३० मे १५९३ रोजी लंडनजवळ डेप्टफर्डला, एलेनॉर बुल या बाईंच्या घरी तो तिघांसोबत दिवसभर होता. रात्रीच्या जेवणानंतर खाण्यापिण्याच्या पैशांवरून वाजलं आणि इनग्रॅम फ्रायझरच्या हातून खंजिराचा वार त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर बसला. वय अवघं २९. पुढे कितीतरी काळ लोक ही प्रेमप्रकरणातली मारामारी म्हणूनच सांगत राहिले. मृत्यूच्या चौकशीचा मूळ लॅटिन अहवाल लेस्ली हॉटसन या अभ्यासकाने शोधून काढला आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जखम दोन इंच खोल आणि एक इंच रुंद, खंजिराची किंमत १२ पेन्स, इतका बारीक तपशील आहे.

तरी शंका उरतेच, आणि ती रास्त आहे. पाहणारे दोघंच, निकोलस स्केअर्स आणि रॉबर्ट पोली. त्यातला पोली सरकारी हेर. मार्लोला दहाच दिवस आधी प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळापुढे, उभं राहावं लागलं होतं आणि रोज हजेरी लावण्याचा हुकूम होता. फ्रायझरला महिन्याभरात राणीची माफी मिळाली. कादंबरीकार शिरतात ते या फटीतून, आणि आम्हालाही हीच जागा सर्वांत थरारक वाटते. मात्र ‘मार्लो मेलाच नाही, शेक्सपिअरच्या नावाने लिहीत राहिला’ या कथेला एकही कागद आधार देत नाही. प्रेत १६ पंचांनी पाहिल्याची नोंद आहे.

सापडलेल्या हस्तलिखिताचं कथानक असेल तर विल्यम हेन्री आयर्लंड आठवावा. वकिली कचेरीतल्या या तरुण कारकुनाने जुन्या कागदांवर खास शाईने लिहून, विस्तवाजवळ धरून अक्षरं तपकिरी केली आणि ती शेक्सपिअरची म्हणून खपवली. त्याचं बनावट नाटक ‘व्होर्टिगर्न’ २ एप्रिल १७९६ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झालं आणि पहिल्याच रात्री हशा होऊन कोसळलं. त्याआधी दोनच दिवस शेक्सपिअरचे अभ्यासक एडमंड मलोन यांनी या कागदांचा खोटेपणा दाखवणारं पुस्तक छापलं होतं. कथेतला तज्ज्ञ कागद हातात घेताच ‘अस्सल!’ म्हणाला, तर त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नका. मलोन यांनी शुद्धलेखन, तारखा, शब्दांचा काळ असं सगळं ताडून पाहिलं होतं.

या कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आम्ही एक बंद पाकीट चिकटवतो. पुस्तकात आलेल्या गोष्टींपैकी कशाला कागदोपत्री आधार आहे आणि लेखकाने काय रचलं आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. पाकीट शेवटचं पान वाचून झाल्यावरच उघडा, नाहीतर खुनी आधीच कळेल. वाचून झाल्यावर चिठ्ठी पाकिटात ठेवून पुस्तकासोबत परत द्या. पुढच्या सभासदाला देताना आम्ही ते पुन्हा बंद करतो. पाकीट आधीच उघडलेलं दिसलं, तर काउंटरवर सांगा, दुसरी प्रत देऊ.