फुप्फुसातील हायडॅटिड गाठ

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीमुळे फुप्फुसात वाढणारी पाण्याची गाठ. जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हात, पाणी किंवा कच्च्या भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात. बहुतेक गाठी यकृतात होतात, त्याखालोखाल फुप्फुसात. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही.

खानदेशात साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरतात, राखणीला कुत्री असतात. मेलेल्या मेंढीचे काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले आणि त्यात गाठी असल्या, की कृमीचे चक्र पुन्हा सुरू होते.

गाठ वर्षानुवर्षे गप्प राहते. मग खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त. आपल्याकडे अशा रोग्याला आधी टीबीच आठवतो. पण एक्स-रेत गोल, रेखीव कडेची सावली असेल आणि थुंकीत टीबीचे जंतू सापडत नसतील, तर सीटी स्कॅन व्हायलाच हवा. जोडीला या कृमीविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी रक्ताची एलायझा तपासणी करतात. मात्र फुप्फुसातल्या अखंड गाठीत ती निगेटिव्ह येऊ शकते. यकृताची सोनोग्राफीही करावी. गाठ फुटली तर खोकल्यातून खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडतात. हायडॅटिडची शंका असताना सुई टोचून पाणी काढू नये: गळलेल्या पाण्याने जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय नव्या गाठी रुजतात.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. भूल देताना दोन्ही फुप्फुसांना स्वतंत्र वाट देणारी नळी घालतात, म्हणजे गाठ फुटलीच तर पाणी चांगल्या बाजूला उतरत नाही. बरगड्यांमधून छाती उघडून गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या रचतात. गाठीभोवतीचे फुप्फुसाचे आवरण अलगद चिरले की आतली पांढरी पिशवी दिसते. मग भूलतज्ज्ञ हळूहळू हवा भरतो आणि फुगणारे फुप्फुसच तिला बाहेर ढकलते. गाठ मोठी असेल तर आधी पाणी शोषून घेतात. रिकाम्या पोकळीत सलाइन ओतून बुडबुडे कुठून येतात ते पाहतात. श्वासनलिकेची ती तोंडे एकेक करून शिवतात आणि पोकळी टाके घालून मिटवतात. फुप्फुसाचा भाग कापून टाकावा लागतो तो क्वचितच, आणि तो शक्यतो वाचवावाच.

अल्बेंडाझोल हे कृमिनाशक औषध शस्त्रक्रियेनंतर देतात. फुप्फुसातल्या मोठ्या गाठीत ते आधी दिल्यास गाठ फुटण्याचा धोका असतो. या गोळ्या चालू असताना यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्यात. गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून काही वर्षे एक्स-रे काढत राहावे. घरच्या आणि कळपाच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंतांचे औषध नियमित द्यावे.