सम्राटाच्या टिपणांतली नावं

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस (कारकीर्द इ.स. १६१ ते १८०) स्वतःपुरती टिपणं ग्रीकमध्ये लिहीत असे. त्यात एका जागी तो सेव्हेरस या स्नेह्याचं ऋण मानतो: त्याच्यामुळे थ्रासिया, हेल्विडियस, केटो, डिऑन, ब्रूटस ही माणसं कळली, सर्वांना एकच कायदा आणि बोलायची मोकळीक असलेलं राज्य कसं असतं ते उमगलं. यातल्या पहिल्या दोघांचा जीव सम्राटांच्याच राजवटीनं घेतला होता.

इ.स.पू. ३००च्या सुमारास झेनोनं अथेन्समधल्या एका चित्रं लावलेल्या ओसरीत शिकवायला सुरुवात केली, तिथून स्टोइक पंथ निघाला. रोममध्ये तो रुजला कर्तव्याच्या अंगानं. सद्गुण तेवढा खरा हिताचा. पैसा, पद, आयुष्यसुद्धा त्याच्या खालचं. तरीही राजकारणाकडे पाठ फिरवायची नाही, वाट्याला आलेलं काम चोख करायचं. यादवी युद्ध जिंकलेल्या ज्युलियस सीझरची दया घेण्यापेक्षा इ.स.पू. ४६ मध्ये युटिकात स्वतःला संपवणारा धाकटा केटो या मंडळींचा आदर्श ठरला.

थ्रासिया पीटसनं याच केटोचं चरित्र लिहिलं. इ.स. ५९ मध्ये सम्राट नीरोनं सख्ख्या आईला मारवलं आणि सिनेट, म्हणजे रोमच्या उमरावांची सभा, त्याचा उदोउदो करू लागली, तेव्हा थ्रासिया उठून चालता झाला. नंतर तर तीन वर्षं तो सिनेटकडे फिरकलाच नाही, आणि इ.स. ६६ मध्ये ही गैरहजेरीच त्याच्यावरचा एक आरोप बनली. तरुण ट्रिब्यून (सिनेटचा ठराव अडवू शकणारा अधिकारी) अरुलेनस रुस्टिकस त्याच्यासाठी नकाराधिकार वापरायला निघाला होता. थ्रासियानंच त्याला अडवलं: मी वाचणार नाही, तू मात्र जिवाला मुकशील.

जावई हेल्विडियस प्रिस्कस उलट वाटेनं गेला. सिनेटमध्ये येऊ नकोस, असं सम्राट व्हेस्पेशियननं बजावल्यावर, स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या सांगण्यानुसार, तो म्हणाला की मला सभासद ठेवायचं की नाही हे तुमच्या हाती. पण आहे तोवर मला आलंच पाहिजे. सासऱ्यानं न जाऊन जे केलं, तेच जावयानं जाऊन केलं. दोघांनी सिनेटरपण मनापासून घेतलं होतं. त्यांना केवळ राजेशाहीचे विरोधक म्हणणं मला अपुरं वाटतं. हेल्विडियसला आधी हद्दपारी झाली, मग मृत्यू.

या कथेत सर्वांत मोठी मला फानिया वाटते: थ्रासियाची मुलगी, हेल्विडियसची पत्नी. हेरेनियस सेनेसिओनं हेल्विडियसचं चरित्र लिहिलं, म्हणून सम्राट डोमिशियनच्या काळात, इ.स. ९३ मध्ये, त्याच्यावर खटला उभा राहिला. फानियाला दरडावून विचारलं गेलं: लिहायला तू सांगितलंस? ‘सांगितलं.’ नवऱ्याची टिपणं दिलीस? ‘दिली.’ आईला ठाऊक होतं? ‘नव्हतं.’

सेनेसिओला मारलं. थ्रासियाची स्तुती केली म्हणून रुस्टिकसलाही मारलं. पुस्तकं जाळली, तत्त्वज्ञांना हाकललं. एपिक्टेटस ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला. फानियाही हद्दपार झाली. जाताना, ज्यांच्यापायी शिक्षा झाली तीच पुस्तकं तिनं सोबत नेली, असं तिचा समकालीन लेखक प्लिनी लिहितो.

पुढे रुस्टिकसचा वंशज मानला जाणारा जूनियस रुस्टिकस मार्कसचा गुरू झाला. एपिक्टेटसच्या प्रवचनांची टिपणं त्यानंच आपल्या संग्रहातून काढून मार्कसच्या हाती दिली.