फोटोंची डिस्क घरी राइट करताय? आधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : फोटो व कॉम्प्युटर विभाग, सांगली

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी उतरलं आणि हरभट रोड, मारुती चौक, गावभागातून लोक भिजलेले अल्बम घेऊन आमच्याकडे येऊ लागले. पानाला पान चिकटलेलं, सोडवायला जावं तर चेहऱ्यावरचा रंगच निघून यायचा. त्यातले फार थोडे फोटो आम्हाला वाचवता आले. पण त्याच घरांतल्या गाळानं माखलेल्या काही सीडी-डीव्हीडी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवल्या, तर त्या चालल्या. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, घरच्या फोटोंची एक प्रत डिस्कवर असू द्या. पेनड्राइव्ह चुकून फॉरमॅट होतो, हार्ड डिस्क न सांगता बंद पडते. एकदा लिहून पूर्ण केलेल्या डीव्हीडी-आरवरचं (म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवरचं) मात्र कुणाच्या हातून डिलीट होत नाही, आणि व्हायरसलाही त्यावर काही लिहिता येत नाही.

फक्त ती डिस्क खरोखर लिहिली गेलेली पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक इथल्याच असतात.

एक प्रसंग सांगतो. एका काकांनी नातवाच्या बारशाचे फोटो डीव्हीडीवर घेतले, घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिले, सगळे छान दिसले. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं आणि डीव्हीडी पुण्याला मुलीकडे पाठवली. तिथं एकही फोटो उघडेना. डिस्क आमच्याकडे आली तेव्हा आम्ही फाइलींचा आकार पाहिला, तर प्रत्येक फाइल एक-दोन केबीची. प्रत्येक चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. काकांनी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट डिस्कवर ओढले होते. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. फोटो होते त्यांच्या हार्ड डिस्कवर. म्हणून घरी उघडत होते आणि पुण्यात नाही. हार्ड डिस्कवर फोटो शाबूत होते, म्हणून निभावलं.

यावरून दोन सवयी लावून घ्या. डिस्क झाली की तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरली ते पाहा. मोबाइलचा किंवा कॅमेऱ्याचा जेपीजी फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. २०० फोटो घेतले आणि डिस्कवर अर्धा एमबीच दिसतोय, तर काहीतरी चुकलंय. दुसरी सवय जास्त महत्त्वाची : ती डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लावून पाहा. शेजाऱ्यांकडे, ऑफिसात, नाहीतर आमच्या काउंटरवर आणा. पाच-सहा फोटो उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही. आधीचे, मधले आणि अगदी शेवटचे फोटो उघडा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे बिघाड असला तर बहुधा शेवटच्या फोटोंत सापडतो.

“फोटो ओढून टाकले, तरी डिस्क कोरीच”

ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येते. विंडोजमध्ये (खाली सांगितलेला ‘विथ अ सीडी ऑर डीव्हीडी प्लेयर’ हा पर्याय घेतला असेल तर) फोटो डिस्कवर ओढले की ते लगेच लिहिले जात नाहीत. आधी हार्ड डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमा होतात आणि डिस्कच्या खिडकीत फिकट दिसतात, सोबत खाली जाणारा बाण. त्यानंतर ‘बर्न टू डिस्क’ किंवा ‘फिनिश बर्निंग’ दाबावं लागतं (बर्न म्हणजे डिस्कवर लिहिणं). ते न दाबता ट्रे उघडला तर डिस्क कोरीच बाहेर येते. आणखी एक गोष्ट यातूनच येते : सी ड्राइव्हवर तेवढी मोकळी जागा हवी. डीव्हीडी भरायची तर निदान ५ जीबी मोकळे ठेवा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असला की काम मध्येच अडतं, आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो.

कोरी डिस्क घातल्यावर विंडोज एक प्रश्न विचारतं. ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ की ‘विथ अ सीडी ऑर डीव्हीडी प्लेयर’? फोटो जपून ठेवायचे असतील, कुणाला द्यायचे असतील, टीव्हीच्या प्लेयरवर लावायचे असतील, तर दुसरा पर्याय घ्या. पहिल्या पर्यायात पेनड्राइव्हसारखं टाकता-काढता येतं, पण तशी डिस्क बऱ्याच प्लेयरवर आणि जुन्या कॉम्प्युटरवर वाचली जात नाही. आमचं मत विचाराल तर फोटोंसाठी पहिला पर्याय वापरूच नका.

“डिस्क घातली, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही”

आधी ट्रेच्या तोंडावरचं चिन्ह वाचा. नुसतं डीव्हीडी-रॉम असेल तर तो ड्राइव्ह फक्त वाचतो, लिहीत नाही. काही जुन्या कॉम्प्युटरवर सीडी लिहिणारा आणि डीव्हीडी फक्त वाचणारा ड्राइव्ह असतो. त्यात कोरी डीव्हीडी घालून उपयोग नाही.

ड्राइव्ह रायटर आहे तरी दिसत नाही? मग हे लक्षात घ्या की डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सीडीसाठी एक लेसर असतो आणि डीव्हीडीसाठी दुसरा. त्यातला एक थकला तरी दुसरा चालू राहतो. “गाण्यांची सीडी तर मस्त चालते हो,” असं सांगत लोक येतात, आणि डीव्हीडीचा लेसर गेलेला असतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या डिस्क लावून पाहा. कोरी डिस्क दुसऱ्या कंपनीची घेऊनही बघा.

नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, त्यामुळे बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर घ्यावा लागतो. तो वीजही यूएसबीतूनच घेतो. लिहिताना लेसरला जास्त ताकद लागते. हबमध्ये किंवा सीपीयूच्या पुढच्या सैल पोर्टला जोडला तर वाचताना ठीक चालतो आणि लिहिताना गचके खातो. लॅपटॉपच्याच पोर्टला, किंवा सीपीयूच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. वायरला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा.

“निम्म्यावर येऊन एरर येते”

मध्येच बंद पडलेली डिस्क हातात घ्या, चमकती बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधल्या भोकापासून एक गडद पट्टा दिसेल आणि मग जिथं रंग बदलतो ती रेघ. तिथपर्यंत लेसरनं डिस्कवरचा रंग भाजलाय, पुढचा भाग कोरा आहे. पट्टा अगदी अरुंद असेल तर गडबड सुरुवातीलाच झाली : बहुधा डिस्क आणि ड्राइव्हचं जमलं नाही, किंवा लेन्सवर धूळ आहे. लिहिण्यापूर्वी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला लेसर किती तेज ठेवायचा याची चाचणी घेतो. ती फसली की ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. डिस्कची कंपनी बदलली की बहुतेक वेळा सुटते. लागोपाठ चार-पाच डिस्क लिहिल्या असतील तर ड्राइव्ह थोडा वेळ गार होऊ द्या.

पट्टा रुंद असेल, म्हणजे बरंच लिहून झाल्यावर थांबली असेल, तर वेगाकडे बघा. ‘एक्स’ हा लिहिण्याच्या वेगाचा आकडा. १६एक्सची डीव्हीडी ८एक्सवर लिहा. ५२एक्सची सीडी १६ किंवा २४एक्सवर. बर्न करताना ‘रेकॉर्डिंग स्पीड’चा पर्याय येतो, तिथं निवडता येतं. काहीजण सगळ्यात कमी वेग घेतात. तेही बरं नाही, कारण आजच्या डिस्क अतिमंद वेगासाठी बनवलेल्याच नसतात. ८एक्सवर पूर्ण डीव्हीडीला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढी घाई कुणालाच नसते.

आणि फोटो आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा. मोबाइल, कार्ड किंवा पेनड्राइव्हवरून थेट डिस्कवर पाठवू नका. वायर हलली की डिस्क वाया. लिहिताना व्हिडिओ, गेम बंद ठेवा, कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही असं बघा. लॅपटॉप चार्जरला लावा, घरचा कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की लाइट जाते हे सांगलीकरांना सांगायला नको. लाइट गेली की निम्मी लिहिलेली डीव्हीडी-आर पुन्हा वापरता येत नाही.

“४.७ जीबीची डिस्क, पण मावतात ४.३७च!”

यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे १००० नं मोजतात, कॉम्प्युटर १०२४ नं. त्यामुळे ४.७ जीबी कॉम्प्युटरवर ४.३७च्या आसपास दिसतात. तेवढेही भरू नका. बाहेरची कड हा डिस्कचा नाजूक भाग. बोटं तिथंच लागतात, ओरखडेही तिथंच. आम्ही डीव्हीडी ४.२ जीबीवर थांबवतो आणि ७०० एमबीची सीडी ६५० वर. एका डीव्हीडीवर साधारण हजार फोटो मावतात. लग्नाचे तीन हजार असतील तर हळद, लग्न, पूजा अशा वेगळ्या डिस्क करा. एक खराब झाली तरी सगळं लग्न जात नाही.

टीव्हीच्या प्लेयरवर फोटो दिसत नसतील तर फाइल कुठली आहे ते पाहा. आयफोनचे एचईआयसी आणि कॅमेऱ्याचे रॉ (म्हणजे जेपीजी न केलेले, कच्चे) फोटो जुन्या प्लेयरला कळत नाहीत, जेपीजी करून घ्या. मराठीत दिलेली फाइलची नावं काही प्लेयरवर चौकोन-चौकोन दिसतात. आपल्या भाषेतली नावं टाकू नका असं आम्ही म्हणणार नाही, पण टीव्हीसाठीच्या डिस्कवर आकड्यांची नावं बरी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची डिस्क करणाऱ्यांना एक विनंती. पाठवताना ते फोटो लहान होतात. पडद्यावर चालतात, पण मोठी प्रिंट काढायला गेलं की चेहरे पुसट येतात. ज्यानं फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइलच मागून घ्या, आणि तीच डिस्कवर लिहा.

जपणूक

डिस्कची चमकती बाजू सगळेच सांभाळतात. सीडीच्या बाबतीत खरी नाजूक आहे ती नाव लिहायची बाजू, कारण चांदीसारखा थर त्या लेपाच्या लगेच खाली असतो. बॉलपेननं दाबून लिहू नका, सीडी मार्कर वापरा. स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. पुसायची तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. ज्या रंगावर फोटो लिहिलेत तोच उन्हानं उडतो.

प्रत एकच ठेवू नका. दोन डिस्क करा, शिवाय हार्ड डिस्कवर एक प्रत. आणि दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. नदीकाठी राहत असाल तर ती मिरजेला, विट्याला, पुण्याला, जिथं आपलं माणूस असेल तिथं द्या. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या आवराआवरीत डिस्क लावून बघा, एखादा फोटो उघडायला वेळ लावत असेल तर लगेच नवी प्रत काढा.

आणि कार्ड आधीच रिकामं केलं असेल, डिस्क उघडत नसेल, तर घाबरून जाऊ नका. त्या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका. डिलीट केलेले फोटो त्यांच्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा परत मिळवता येतात. कार्ड कॅमेऱ्यातून काढा, कागदाच्या पाकिटात घाला, पाकिटावर तारीख लिहा आणि बिघडलेल्या डिस्कसकट आमच्याकडे घेऊन या.