प्रबंधाआधीची मंजुरी आली कुठून?

कळवा, नेरूळ किंवा कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात एमडीला प्रवेश मिळाला की सिनॉप्सिसपाठोपाठ, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यापाठोपाठ, एथिक्स कमिटीची फाईल आलीच. संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांच्या हिताला धक्का लागत नाही ना, हे ही समिती तपासते. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती मागाहून नियमित करून मिळत नाही, हे सिनियर आधीच बजावून ठेवतात.

नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ साली माणसांवरच्या प्रयोगांना संमतीची अट घालणारी न्यूरेंबर्ग संहिता आली, १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा. पण कमिटी कायद्यात शिरली ती अमेरिकेतल्या टस्कीगी प्रकरणामुळे. तिथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून सुमारे ४०० कृष्णवर्णीय सिफिलिसग्रस्तांना उपचाराविना नुसतं निरखत ठेवलं. पेनिसिलिन आलं, तरी दिलं नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांनी भांडं फोडलं आणि १९७४ च्या कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना समित्या नेमणं भाग पडलं.

आपल्याकडे आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, धोरणपत्रक १९८० चं, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० सालची. त्याच वर्षी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठीही तत्त्वं तयार झाली. मला तर हे पाऊल जास्त मोलाचं वाटतं, कारण नुसती प्रश्नावलीही निरुपद्रवी नसते. वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडींच्या पाठदुखीचा सर्व्हे करायचाय असं धरा. मुकादमाने टोळीच आणून उभी केली, तर ‘नाही’ म्हणायची सोय कुणाला उरली? दुखणं कागदावर आलं तर काम जाईल, ही धास्ती वेगळीच. म्हणून संमतीपत्र कामगाराच्या भाषेत वाचून दाखवायचं, सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि शेजारी तटस्थ साक्षीदाराची सही. मुकादम काही तटस्थ नव्हे.

तत्त्वांना कायद्याचं बळ मिळालं ते औषधचाचण्यांवरून गदारोळ उठल्यावर. खम्मम आणि वडोदऱ्यातला एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने वॉर्डननेच सह्या केल्याचं चौकशीत निघालं. २०१३ साली औषधचाचण्या तपासणाऱ्या समित्यांना नोंदणी सक्तीची झाली, आणि २०१९ च्या नियमांनी इतर वैद्यकीय संशोधनाच्या समित्याही नोंदणीच्या कक्षेत आणल्या. किमान सात सदस्य, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच.

धोका नगण्य असलेल्या अभ्यासाला आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांत जलद छाननीची, काही वेळा सूटही मिळण्याची सोय आहे. ती द्यायची की नाही हे मात्र कमिटी ठरवते, गाईड नव्हे.