काकवी, केवडा आणि गंजलेली टाकी

निपाणीत मामांच्या तंबाखूच्या वखारीत, बोदांच्या आड, १९७८ ची एक पद्मिनी मोटार उभी आहे. घरात तिला सगळे 'फियाट'च म्हणतात. ती शेवटची रस्त्यावर आली त्याला १९ वर्षं झाली. यंदा पाऊस ओसरल्यावर मामांनी ती चालू करायचं मनावर घेतलं आणि पी. बी. रोडवरच्या मेस्त्रींना बोलावलं. टाकीचं झाकण उघडलं तसा तंबाखूचा वास मागे पडून आंबूस वार्निशचा दर्प सुटला. आत टॉर्च धरला तर तळाशी विटकरी गाळ होता. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याला सुटतात तसे गंजाचे पापुद्रे त्यावर पडलेले.

मेस्त्री म्हणाले, "ॲसिड मारून अर्ध्या तासात पांढरी करून देतो." मामांनी मोबाइल पुढे केला. त्यात एक व्हिडिओ होता : इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाड्यांच्या टाक्या सडतात, सरकार लपवतंय. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. या दोन्ही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, आणि उरलेलं अर्धं सत्य आपल्या उसाच्या फडात आहे, म्हणून हा लेख.

पेट्रोलमध्ये लोखंड गंजत नाही. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट, त्यामुळे टाकीत शिरलेला पाण्याचा प्रत्येक थेंब तळाशी जाऊन बसतो आणि टाक्या तळालाच आधी कुजतात. बंद टाकीत पाणी येतं कुठून? टाकी श्वास घेते. ४० लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर आत २० लिटर हवा असते. दिवस-रात्रीत १२ अंशांचा फरक पडला की ती ४ टक्क्यांनी आकसते आणि पाऊण लिटरभर बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात २५ अंशांच्या दमट हवेत लिटरमागे ०.०२३ ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे रात्रीचे फार तर ०.०२ ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण शंभर रात्रींत पावणेदोन ग्रॅम होतात, आणि ही गाडी १९ पावसाळे उभी होती. गाडी उभी करायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवा असं जुने लोक सांगत, त्यामागे हेच गणित आहे.

आता इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल. ६ फेब्रुवारी २०२३ ला बेंगळूरमध्ये ई-२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली, आज ते पंपापंपावर आहे. आपल्या भागाला त्याचं कौतुक असणारच, कारण त्यातलं काही इथेनॉल उसापासून होतं आणि बेळगाव हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. इथेनॉल स्वतः लोखंड खात नाही, पण त्याला पाण्याची ओढ आहे. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळत नाही, तर १० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरला सुमारे ५ मिलिलिटर पाणी सहज मावतं. गाडी रोज चालत असेल तर हे उलट फायद्याचं, कारण थोडंफार पाणी पेट्रोलबरोबर जळून जातं. गाडी उभी राहिली, पाणी वाढत गेलं आणि थंडी पडली की मात्र मिश्रण फाटतं. नासलेल्या दुधासारखा खाली पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसतो, आणि तो पत्र्याला चांगलाच झोंबतो. म्हणजे दोष इथेनॉलइतकाच गाडी उभी ठेवण्याचाही आहे. मामांची टाकी तर ई-२० यायच्या कितीतरी आधीपासून सडत होती.

अशी टाकी साफ कशी करायची?

मेस्त्रींचं ॲसिड म्हणजे संडास धुवायचं हायड्रोक्लोरिक आम्ल. ते गंज खरोखर झपाट्यानं खातं. गंजात लोखंडाचा अणू सुटा नसतो. तीन इलेक्ट्रॉन गमावून तो आयन, म्हणजे विद्युतभारित कण झालेला असतो आणि भोवती ऑक्सिजनचं कोंडाळं असतं. आम्लातला हायड्रोजन आयन त्या ऑक्सिजनला उचलून पाणी करतो आणि लोखंडाचा आयन मोकळा होतो. इथवर ठीक. पण गंज सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. पातळ जागी खालचं लोखंड आधी उघडं पडतं आणि आम्ल तेही खाऊ लागतं, बुडबुडे काढत. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. शिवाय क्लोराइड खड्ड्याखड्ड्यांत दडून राहतं आणि धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा तांबूस दिसू लागते. 'पांढरी' केलेली टाकी महिन्यात परत येते ती यामुळेच.

गंज उचलेल पण लोखंडाला हात लावणार नाही असं काही हवं. ते आहे. त्याचं नाव आमच्या चिकोडी-रायबागच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे : चिलेट. 'चिलेटेड झिंक', 'चिलेटेड फेरस' अशी पाकिटं कृषी सेवा केंद्रात टांगलेली असतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्र्यू या इंग्रज रसायनज्ञांनी तो वापरात आणला. पावसाळ्यात खानापूरच्या ओढ्यात खेकडे धरणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. नांगीत बोट सापडलं की सापडलंच.

चिलेट रेणूला एकाहून जास्त हात असतात आणि ते सगळे एकाच धातूच्या आयनला धरतात. पाण्यात लोखंडाच्या आयनभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, प्रत्येक एकेका हातानं चिकटलेला. त्यातला एक सुटला की गेला, आता तो कुठेही भटकेल. ईडीटीए या सहा हातांच्या चिलेटचा एक हात सुटला तरी पाच हात धरून असतात, त्यामुळे सुटलेला हात तिथेच घुटमळतो आणि परत बसतो. याची दुसरी बाजू मला अजून मोहवते. ईडीटीएचा एक रेणू आयनवर बसतो तेव्हा पाण्याचे सहा रेणू मोकळे होतात. आधी दोन सुटे कण होते, आता सात झाले. सुट्या कणांची संख्या वाढली की अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते, आणि निसर्गाचा कल तिकडेच असतो. नांगी घट्ट बसते त्याचं मोठं कारण नांगीच्या जोरापेक्षा सुटून गेलेल्या त्या सहा रेणूंच्या स्वातंत्र्यात आहे. बारावीच्या मुलांपुढे मी हे दरवर्षी मांडतो आणि दरवर्षी मलाच नव्यानं आनंद होतो.

नांगी कुणाला धरते हेही महत्त्वाचं. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाला ईडीटीए जितकं घट्ट धरतो, त्याच्या मानानं दोन गमावलेल्याला हजारो कोटी पटींनी सैल धरतो. आणि धातूरूपातल्या लोखंडाला? त्याच्यावर धन भारच नाही, धरायचं काय? त्याचे इलेक्ट्रॉन आधी कुणीतरी काढून घ्यावे लागतात, आणि ते काम करणारे हायड्रोजन आयन सौम्य द्रावणात थोडेच असतात. म्हणून चिलेट गंज उचलतो आणि पत्रा बव्हंशी तसाच ठेवतो.

आता फडात येऊ. काळ्या, चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो. कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोखंड कमी पडल्याचं हे लक्षण, आणि गंमत अशी की त्या मातीत लोखंड भरपूर असतं. पण ते गंजाच्याच रूपात असतं. मातीचा सामू (पीएच) एका अंकानं वाढला की मोकळ्या फेरिक, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या आयनचं प्रमाण हजार पटींनी घटतं. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर चार दिवसांत त्याचाही गंज होतो. म्हणून हिराकस शेणखतात मुरवून घालतात. शेणखतातली सेंद्रिय आम्लं नांगीचं काम करतात. गवतकुळातली पिकं तर स्वतःच मुळांवाटे असे रेणू सोडून मातीतला गंज ओढून घेतात. जपानी शास्त्रज्ञांनी बार्लीच्या मुळांत अशा रेणूचा शोध लावला. बार्ली काय, ज्वारी काय, ऊस काय, कूळ एकच.

आणि उसाच्या रसातलं मुख्य सेंद्रिय आम्ल म्हणजे ॲकोनिटिक आम्ल. लिंबातल्या सायट्रिक आम्लातून पाण्याचा एक रेणू काढला की ते तयार होतं. तीन हातांचं, लिंबाचं सख्खं भावंड. काकवीत आणि मळीत ते एकवटलेलं असतं. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन गंजलेले भाग पातळ केलेल्या मळीत आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवतात, ते याच कारणानं. मी मामांच्या गाडीचा एक गंजलेला बोल्ट काचेच्या बरणीत एक भाग काकवी, नऊ भाग पाण्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी फेस आला आणि वास असा सुटला की मामींनी बरणी परसात हलवली. अठराव्या दिवशी बोल्ट काढून जुन्या टूथब्रशनं घासला तर काळपट पावडर निघून गेली आणि आटे नखाला एकेक जाणवू लागले.

"आरं, उसाला मारतो त्येच औषध गाडीला घालाय लागलास व्हय?" मामा म्हणाले. अगदी तेच, मामा.

टाकीसाठी मात्र काकवी नको. आंबते, तळाशी बसते, धुऊन निघत नाही. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल घेतलं. लिटरला १०० ग्रॅम, आणि त्याची धार मारायला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा थोडा, कारण फेस भसाभस वर येतो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात किंवा ॲव्हरेज वाढावं म्हणून पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधतात. चुंबकाचा पेट्रोलवर काही परिणाम होत नाही आणि चिरडलेलं लिंबू फक्त टायर ओला करतं. लिंबाचा गुण त्या तीन हातांत आहे. तो वापरायचा तर असा वापरावा.

त्याआधी एक गोष्ट जिवाची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीनं स्फोट होतो. ४० लिटरच्या टाकीत त्यासाठी अर्धा चहाचा चमचा पेट्रोल पुरतं, आणि तेवढं गाळात नेहमीच मुरलेलं असतं. टाकी उघड्यावर काढा, साबणाच्या गरम पाण्यानं दोन-तीनदा धुवा. वेल्डिंग आणि हेअर ड्रायर दूर ठेवा.

साबणानं धुतल्यावर आत मूठभर नट आणि साखळी टाकून टाकी हलवली, पापुद्रे निघाले. मग द्रावण काठापर्यंत भरलं. दोन दिवसांनी ते हिरवट पिवळं झालेलं, आणि टॉर्चच्या उजेडात तळाचा पत्रा राखाडी दिसत होता. लगेच सोड्याच्या पाण्यानं खळबळून घेतली, कारण ओला उघडा पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो आणि अल्कधर्मी पाणी त्याला तेवढा वेळ थोपवतं. साधं पाणी भरून टाकी दोन विटांवर ठेवली तेव्हा खालच्या बाजूला घाम फुटावा तसे सात-आठ बारीक थेंब आले. पुसले की पुन्हा येत. इतकी वर्षं ती भोकं गंजानंच बुजवून धरली होती.

म्हणून लेप द्यावा लागला. भोकं नसती तर मी दिला नसता. स्वच्छ, भरलेली आणि वापरातली टाकी लेपाशिवाय उत्तम चालते, आणि सुटलेला लेप कार्ब्युरेटरला गंजापेक्षा जास्त छळतो. घ्यायचा तर दोन भाग मिसळायचा इपॉक्सी, ज्यावर इथेनॉलला टिकतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच. काही जुन्या पद्धतीचे लेप अल्कोहोलमध्ये मऊ होतात. काही प्लॅस्टिक आणि रबर तर नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये फुगत नाहीत इतके त्या दोघांच्या मिश्रणात फुगतात. आतला पत्रा पूर्ण कोरडा हवा. लेप सगळीकडे फिरवून जास्तीचा उलटून काढायचा, नाहीतर साचलेलं डबकं आतून ओलं राहतं आणि पुढे पोपडा होऊन सुटतं. हवेची नळी आणि पेट्रोल ओढायची नळी आधी बंद करायला विसरू नका. आम्ही सात दिवस टाकी उन्हात ठेवली.

उरलं ते हिरवट द्रावण, दोन कॅन भरून. ते केवडा पडलेल्या उसाला घालावं असं मामांच्या मनात होतं, आणि रसायन पाहता त्यांचा विचार चूक नव्हता. त्यात लोखंड होतं, तेही नांगीत धरलेलं. पण देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. ही गाडी त्याआधी वीसेक वर्षं त्याच पेट्रोलवर चालली, आणि त्या काळच्या पुष्कळ टाक्यांच्या पत्र्याला शिसं-कथिलाचा मुलामाही असे. सायट्रिक आम्ल शिशालाही धरतं. नांगीतलं लोखंड मुळांना मिळेल तसं शिसंही मातीत पसरेल. मामांनी ऐकलं. दोन्ही कॅनवर खडूनं 'विष' लिहून झाकणं घट्ट लावली आणि ते वखारीच्या माळ्यावर, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवले.