निकलोडियनचा नारिंगी डाग : पार्श्वभूमी

सुरुवात १९८४ पासून करतो, कारण त्याआधीचे लोगो आज फारसे कुणाला आठवत नाहीत. निकलोडियन ही मुलांची अमेरिकी केबल वाहिनी तेव्हा पाच वर्षांची होती आणि प्रेक्षकसंख्येच्या यादीत पार तळाला गेली होती. पडद्यावर एका चंदेरी गोळ्यावर इंद्रधनुषी अक्षरं यायची. चकचकीत होती, पण थंड. मोठ्यांनी मुलांसाठी आणलेल्या शोभेच्या वस्तूसारखी.

सुधारणेसाठी बोलावलेल्या दोन सल्लागारांनी आधी एमटीव्ही या संगीत वाहिनीच्या घडणीत काम केलं होतं. त्या वाहिनीच्या लोगोची युक्ती अशी, की ‘एम’चा आकार ठाम आणि आतले रंग-नक्षी सतत बदलते. इथे तीच युक्ती उलटी फिरवली गेली. बोस्टनच्या एका डिझाइन कार्यालयानं रंग पक्का केला, छपाईच्या रंगांच्या पॅन्टोन यादीतला ०२१ हा भडक नारिंगी. अक्षरंही पक्की केली, चित्रकथेतल्या हातानं लिहिलेल्या संवादांची आठवण करून देणाऱ्या ‘बलून’ टाइपातली, पांढरी. आकार मात्र मोकळा सोडला. हाड, मासा, रॉकेट, पाऊल, ब्लिंप म्हणजे तो लांबट हवाई फुगा, काहीही चालेल. नारिंगी असलं आणि त्यावर ती अक्षरं असली की झालं. नारिंगी निवडला तोही तो बाकीच्या रंगांशी भांडतो म्हणूनच. माझ्या मते मुलांसाठी इतका नेमका विचार केलेला लोगो दूरचित्रवाणीवर दुसरा झाला नाही. पाच वर्षांचं मूलही कागदावर वेडावाकडा गोळा काढून, नारिंगी खडू फासून तो ‘बरोबर’ काढू शकत होतं.

आता एक घोळात टाकणारा शब्द. या सगळ्याला आज सरसकट ‘स्प्लॅट’ म्हणतात. इंग्रजीत तो आवाजावरून आलेला शब्द आहे. आपल्याकडचं ‘पच्चकन’ त्याच्या जवळ जातं. रंगपंचमीला भिंतीवर फुगा फुटला की जो आकार उमटतो, तो स्प्लॅट. पण १९८४ च्या नियमात हा अनेक आकारांपैकी फक्त एक होता. पुढे २००० नंतरच्या दशकात पडद्याच्या कोपऱ्यात, जाहिरातीत, खेळण्यांच्या खोक्यांवर बहुतेक वेळा हाच एक आकार दिसू लागला आणि बाकीचे मागे पडले. त्यामुळे नाव एका आकाराचं आणि आठवण सगळ्या लोगोची, अशी गल्लत झाली. त्यात आणखी एक भर पडली ती स्लाइमची. वाहिनीच्या कार्यक्रमांत लोकांच्या डोक्यावर ओतला जाणारा हिरवा चिकट द्रव आणि नारिंगी डाग एकाच कल्पनेतून निघाले, असं अनेकांना वाटतं. स्लाइम आला तो ओटावात बनणाऱ्या एका कॅनडियन कार्यक्रमातून. तो कार्यक्रम निकलोडियनवर १९८१ पासून दिसत होता, म्हणजे नारिंगी लोगोच्या तीन वर्षं आधी. दोघांचा रंग वेगळा, जन्म वेगळा. शेजारी राहून राहून नातेवाईक वाटायला लागले, इतकंच.

हा फरक किरकोळ वाटेल, पण २००९ चा निर्णय तो लक्षात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. त्या वर्षी २८ सप्टेंबरला डाग काढला गेला आणि त्या जागी नुसती नारिंगी, गोलसर, इंग्रजी स्मॉल लिपीतली अक्षरं आली. त्याच दिवशी नॉगिन ही लहानग्यांची वाहिनी निक ज्युनिअर झाली, किशोरांची वाहिनी टीननिक झाली आणि सगळ्या भावंडांना एकाच वळणाची अक्षरं मिळाली. हिशेब सरळ होता : पाच-सहा नावं, एक कुटुंब, लांबून ओळखू येणारी एक लिपी. व्यवस्थापनाच्या बाजूनं यात चूक काढणं अवघड आहे. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं मांडता येते. तोवर डाग स्वतःच गोठला होता. रोज बदलणारा आकार केव्हाच बंद पडला होता, म्हणजे काढून टाकलं ते मूळ कल्पनेचं उरलेलं टरफल.

तरीही मला तो निर्णय चुकीचा वाटतो. आकार गोठला होता तर तो पुन्हा सैल करता आला असता. निक ज्युनिअर हा तोवर निकलोडियनवरचाच लहानग्यांच्या कार्यक्रमांचा पट्टा होता; त्याच्या जुन्या लोगोत एक मोठा नारिंगी आकार आणि शेजारी छोटा निळा आकार असायचा, पालक आणि पिल्लू. नॉगिनच्या हसऱ्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग सतत बदलायचा. ही दोन्ही चित्रं एका दिवसात गेली. अजून वाचता न येणारं मूल ज्या खुणेनं वाहिनी ओळखत होतं, ती खूण काढून त्याच्यासमोर अक्षरं ठेवली, हे मला आजही खटकतं.

आपल्याकडे वाहिनी १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि पुढे नुसती ‘निक’ झाली. तेव्हाची मुलं डाग ओळखतात. २०१२ पासून ‘मोटू पतलू’ पाहत मोठी झालेली मुलं मात्र गोलसर अक्षरांचीच. एकाच घरात थोरल्या आणि धाकट्या भावंडाच्या आठवणीत दोन वेगळे लोगो असण्याचं कारण हे.

अमेरिकेत तर त्या डागाला स्वतंत्र आयुष्य मिळालं. टीननिकवर २०११ पासून रात्री नव्वदीच्या दशकातले कार्यक्रम दाखवले जात. २०१५ मध्ये त्या पट्ट्याचं नावच ‘द स्प्लॅट’ ठेवलं गेलं. सहा वर्षांपूर्वी हटवलेला लोगो आता जुन्या दिवसांचं नाव झाला होता.

मुळात ‘निकलोडियन’ हा शब्दही सरळ नाही. निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं, ओडियन म्हणजे छप्पर असलेलं ग्रीक नाट्यगृह. १९०५ मध्ये पिट्सबर्गमध्ये सुरू झालेल्या स्वस्त चित्रगृहानं तो लोकप्रिय केला. नाणं टाकून डोकावायच्या यंत्रांनाही पुढे लोक हेच म्हणू लागले. १९७९ च्या पहिल्या लोगोत ‘एन’मध्ये वाकून पाहणारा माणूस आहे तो या दुसऱ्या अर्थाचा.

४ मार्च २०२३ ला वाहिनीच्याच किड्स चॉइस पुरस्कारांच्या रात्री नव्यानं रेखाटलेला डाग पडद्यावर आला. डाग परतला असं म्हटलं गेलं. परतला तो एक आकार. गंमतीचा भाग असा, की दुसरा एक आकार कधी गेलाच नव्हता : त्या पुरस्काराचं मानचिन्ह १९९० पासून नारिंगी ब्लिंप आहे, आणि पडद्यावर नुसती अक्षरं होती त्या वर्षांतही विजेते तोच हातात घेऊन जात होते.